वाचायला आलेल्याच्या हाती लेखणी कशाला?

एखाद्या गटाने मिळून लिहिलेल्या नोट्सची लिंक आपल्याला कुणीतरी पाठवतं. उघडून बघावं तर डावीकडे हॅश आणि चांदण्यांनी भरलेला कच्चा मजकूर, उजवीकडे तोच मजकूर जरा बऱ्या रूपात, मधे सरकवता येणारी रेघ, वर बटणांची रांग आणि कोपऱ्यात ‘साइन इन करा’चा आग्रह. मोबाइलवर दोन रकाने मावत नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा कच्चा रकानाच नशिबी येतो. मजकुरात दुसऱ्याच कुणाचा कर्सर लुकलुकत असतो. लिहिण्याची मुभा सगळ्यांना खुली असेल आणि चुकून बोट लागलं, तर एखादं वाक्य आपल्याच हातून खोडलं जातं. आपण आलो होतो फक्त वाचायला.

हे आता इतकं सर्रास झालंय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटेनासं झालंय. अभ्यासगटांची टिपणं, स्वयंसेवकांसाठीच्या सूचना, मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांचे निर्णय, बैठकांची इतिवृत्तं, शिक्षकांनी मिळून तयार केलेलं साहित्य असा कितीतरी मजकूर आज मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या खुणा टाकून लिहायच्या पद्धतीतल्या, सामायिक नोट्समध्ये पडून आहे. त्यावर गटाबाहेरची माणसं विसंबतात आणि त्यांना तो दिसतो एडिटरच्या खिडकीतून. माझं म्हणणं असं की लिहिणाऱ्यांची लिंक वेगळी आणि वाचणाऱ्यांची वेगळी असायला हवी, आणि वाचणाऱ्यांच्या लिंकवर साधं, स्थिर, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडणारं पान असायला हवं. आपल्या मजकुरावर बाहेरच्या लोकांनी भरवसा ठेवावा अशी अपेक्षा असेल, तर एवढं आपण त्यांचं देणं लागतो.

मार्कडाउन कशासाठी आलं हे आपण सोयीस्करपणे विसरलोय. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ते जाहीर केलं. त्याची रचना ठरवताना त्यांच्यासोबत ॲरन स्वार्ट्झ होता, तेव्हा अवघा १७ वर्षांचा. ईमेलमध्ये लोक आधीपासूनच शब्दावर जोर द्यायला दोन्ही बाजूंना चांदणी लावत, यादीसाठी ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ टाकत, समोरच्याचं वाक्य उद्धृत करताना त्याआधी बाणाचं चिन्ह देत. या सवयींनाच ग्रुबर यांनी नियमांत बसवलं. त्यासोबत त्यांनी पर्ल भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम दिला. असा मजकूर घ्यायचा आणि त्याचं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारं वेबपान, करून द्यायचं, एवढंच त्याचं काम. मार्कडाउन हे नाव त्या खुणांच्या पद्धतीचंही होतं आणि या प्रोग्रॅमचंही. लिहिणाऱ्याला सोपा मजकूर आणि वाचणाऱ्याला नीट पान, असा तो दुहेरी व्यवहार होता. पुढे लिहिण्याची अर्धी बाजू जगभर पसरली, चॅटपासून कोडच्या भांडारांपर्यंत पोचली. पानाची बाजू मेनूच्या तळाशी जाऊन बसली.

मिळून लिहायचं तर वाचणाऱ्याची थोडी गैरसोय होणारच, असं कुणी म्हणेल. इतिहास तसं सांगत नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिलं विकी सुरू केलं. तिथे कुणीही कुठलंही पान बदलू शकत होतं, तरीही पान उघडलं की आधी समोर येई तो वाचायचा मजकूर. बदल करायचाच असेल तर त्याची लिंक वेगळी. विकिपीडिया आजही याच रीतीने चालतो. लाखो माणसं तिथे लिहितात, पण वाचायला येणाऱ्याला त्यांचे कर्सर बघावे लागत नाहीत. २००८ साली इथरपॅड आलं, एकाच मजकुरात एकाच वेळी अनेकांनी टंकायची सोय झाली. सोय खरोखरच मोठी होती. पण त्या धाटणीची साधनं रुळली तशी एडिटर हाच दस्तऐवजाचा चेहरा बनला.

साधनं बनवणाऱ्यांवर सगळा दोष ढकलणंही बरोबर नाही. हॅकएमडी किंवा हेजडॉक या सामायिक नोट्सच्या साधनांत वाचनासाठीचं वेगळं पान काढता येतं. ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपची पैसे भरून घेता येणारी प्रकाशनसेवा आहे. जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीतले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी २००६ साली आणलेला पॅनडॉक हा प्रोग्रॅम मार्कडाउनचं एचटीएमएल चुटकीसरशी करून देतो, तोही फुकट. मग घोडं कुठे पेंड खातं? ॲड्रेस बारमध्ये. माणूस लिहितो, लिहून झालं की वर दिसणारा पत्ता कॉपी करतो आणि ग्रुपवर टाकून मोकळा होतो. तो पत्ता एडिटरचा असतो. वाचनाच्या पानाचा पत्ता हवा असेल तर मेनू उघडा, त्यातला योग्य पर्याय ओळखा, नव्या खिडकीत उघडा, तिथला पत्ता उचला. घाईत असलेलं कुणीही एवढं करत नाही आणि करणारही नाही. माणसांना शहाणपण शिकवून हे सुटायचं नाही. ‘शेअर’ दाबल्यावर आपोआप जी लिंक हातात येते ती वाचनाची असली पाहिजे, आणि लिहिण्याचं आमंत्रण देण्यासाठी दोन बटणं जास्त दाबावी लागली तर लागू देत. आज नेमकं उलटं आहे.

आता वाचणाऱ्याला याची काय किंमत पडते ते बघू. एडिटर म्हणजे एक अख्खं ॲप. चार परिच्छेद वाचायचे असले तरी आधी ते सगळं उतरवून घ्यावं लागतं, मग ते सर्व्हरशी बोलणं सुरू करतं आणि त्यानंतर मजकूर दिसतो. नेटवर्क मधेच गेलं की पडद्यावर गोल फिरत राहतं. साध्या पानाचं वजन किती असतं? यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. त्या हिशोबाने अडीच हजार शब्दांचा मराठी लेख पन्नास केबीच्या आसपास भरतो, आणि पाठवताना दाबून पाठवला तर त्याहून बराच कमी. एचटीटीपी आर्काइव्ह वेबपानांची वजनं नियमितपणे मोजतं. त्यांच्या अलीकडच्या मोजणीत मधल्या क्रमांकाचं पानही दोन एमबीच्या वर जातं. यातलं वाचायचं किती आणि नुसता डोलारा किती, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांची अडचण यापुढची आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणारी व्यक्ती लांबलचक पान वरपासून खालपर्यंत ऐकत बसत नाही. ती शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत हवं ते शोधते. एचटीएमएलच्या पानात शीर्षक म्हणून खूण केलेली असते, त्यामुळे हे जमतं. कच्च्या मार्कडाउनमध्ये शीर्षकाची खूण म्हणजे ओळीआधीचे हॅश, त्यामुळे तिला ‘हॅश हॅश’ ऐकू येतं, किंवा तेही नाही. इथे लिहिणाऱ्यांचीही एक सवय नडते. पुष्कळ जण शीर्षकाच्या जागी नुसती ओळ ठळक करतात. डोळ्यांना ते शीर्षकच वाटतं, पण रूपांतर झाल्यावर तो ठळक अक्षरांतला साधा परिच्छेद उरतो आणि उडी मारायला पायरीच राहत नाही.

शिवाय शोध आणि जतन. स्क्रिप्ट चालल्याशिवाय ज्यात काहीच दिसत नाही असं पान जुनी वेबपानं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने साठवायला घेतलं तर अनेकदा हाती रिकामं टरफल लागतं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली केलेल्या पाहणीत २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यात साधी पानंही आली, हे मान्य. पण साध्या पानाची प्रत कुणीही, कधीही, कसलीही परवानगी न मागता करून ठेवू शकतो. सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी लिहिलेलं सगळ्यात पहिलं वेबपान आज आताच्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि वाचताही येतं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत किती एडिटर आले आणि गेले याची गणतीच नाही.

इथवर वाचून वाटेल की एक बटण दाबलं की काम झालं. तसं नाही, आणि मराठीत तर मुळीच नाही. मार्कडाउनचे नियम रोमन लिपी समोर ठेवून घडलेत, आणि रूपांतर करताना त्याचे काटे टोचतात. क्रमवार सूचनांची यादी घ्या. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा आणि टिंब दिलं तर तिची यादी होते. देवनागरी १ आणि टिंब दिलं तर नियमाच्या लेखी तो निव्वळ मजकूर. त्यात मूळ मार्कडाउनमध्ये एकदा एंटर दाबल्याने ओळ तुटत नाही, त्यासाठी ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. म्हणजे १ ते ५ आकडे घालून पाच ओळींत नीट मांडलेल्या सूचना रूपांतर झाल्यावर एका सलग परिच्छेदात कोंबल्या जातात. लिहिणाऱ्याला हे कळतही नाही, कारण काही साधनं आपल्या दर्शनी रकान्यात प्रत्येक एंटरला ओळ तोडून दाखवतात. कोडची भांडारं ठेवणाऱ्या गिटहबवरच बघा: प्रतिक्रियेत लिहिलेला मजकूर ओळी राखून दिसतो, आणि तोच फाइलमध्ये साठवला की सलग होतो. कवितेचं असं झालं तर फार तर कवी रागावेल. औषधाच्या मात्रा किंवा मदतीचे संपर्क क्रमांक एका परिच्छेदात विरघळले तर मामला गंभीर आहे.

दुसरा काटा प्रत्ययांचा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. मतदानाच्या निकालात कुणी “होय”ला ७ मतं असं लिहिताना “होय” ठळक करायला अवतरणचिन्हांच्या बाहेरून दोन-दोन चांदण्या लावल्या, तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीप्रमाणे तो शब्द ठळक होत नाही आणि चांदण्या तशाच पानावर राहतात. कारण बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल तर नंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं, असा तो नियम आहे. आपल्याकडे तिथे ‘ला’ येऊन बसतो. चिनी आणि जपानी लिहिणाऱ्यांचीही नेमकी हीच तक्रार आहे. उपाय साधा आहे: चांदण्या अवतरणचिन्हांच्या आत घ्यायच्या. पण पान डोळ्यांखालून घातलं नाही तर उपाय करायची वेळ आलीय हे कळणार कसं?

तिसरा प्रकार पत्त्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यात वैतागवाणा. पानाच्या आतल्या शीर्षकांना पत्ते देताना कितीतरी साधनं ‘अक्षर नसलेलं’ सगळं गाळून टाकतात, आणि त्यांच्या व्याख्येत काना-मात्रा-वेलांटी अक्षरांत मोडत नाहीत. ‘सूचना’चं ‘सचन’ होतं. काही साधनं देवनागरी सगळीच्या सगळी उडवतात आणि पत्ता रिकामा सोडतात. जी इमानदारीने ठेवतात, त्यांचा पत्ता कॉपी केला की ‘सूचना’तली पाच चिन्हं टक्क्याच्या चिन्हांसकट ४५ अक्षरांची होतात, आणि मेसेजमध्ये अशी लिंक पाहून समोरच्याला ती फसवणुकीची वाटते. पत्ता छोट्या रोमन अक्षरांत हाताने द्यावा हे मी नाइलाजाने म्हणतो, पण म्हणतो.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गुंता आहे. मार्कडाउन एक नाही. ग्रुबर यांच्या मूळ वर्णनात कितीतरी जागा मोघम होत्या, आणि प्रत्येक साधनाने त्या आपापल्या परीने भरल्या. तक्ते मुळात नव्हते, तळटीपा नव्हत्या. ती भर नंतर इतरांनी घातली. २०१४ साली मॅकफार्लेन, प्रोग्रॅमर जेफ ॲटवुड आणि इतरांनी काटेकोर नियम लिहून काढले. त्याला आधी ‘स्टँडर्ड मार्कडाउन’ म्हटलं, ग्रुबर यांनी हरकत घेतली आणि नाव बदलून ‘कॉमनमार्क’ करावं लागलं. २०१६ साली मार्कडाउनला अधिकृत माध्यमप्रकार, म्हणजे इंटरनेटवर पाठवायच्या मजकुराचा एक मान्य प्रकार, म्हणून नोंद मिळाली, आणि त्या नोंदीतच ‘हे कुठल्या पोटभाषेतलं आहे’ हे सांगण्यासाठी एक जागा ठेवावी लागली. याचा अर्थ कच्ची मार्कडाउन फाइल हातात देणं म्हणजे ‘तुमच्याकडे कसं दिसतं ते तुम्ही बघा’ असं म्हणणं. एचटीएमएलचं पान देणारा मात्र ते कसं दिसावं याची जबाबदारी स्वतः घेतो. मला पानाचा आग्रह धरावासा वाटतो तो मुख्यतः यासाठी.

आक्षेप आहेतच. सगळ्यात वजनदार आक्षेप असा की सामायिक नोट जिवंत असते. कुणी दुरुस्ती केली की सगळ्यांना लगेच दिसते, आणि पान काढलं की ते शिळं व्हायला लागतं. पण पान त्याच नोटमधून पुन्हा काढता येतं, काही साधनांत तर आपोआप निघतं. आणि मला विचाराल तर थोडं शिळेपण चांगलंच. चर्चा चालू असताना अर्धवट वाक्यं, ‘हे कुणीतरी तपासा’ अशा सूचना, एकमेकांना मारलेले टोमणे हे सगळं नोटमध्ये असतं आणि असायलाच हवं. बाहेरच्या माणसाला नेमक्या त्याच क्षणी तो पसारा दिसला तर तो अर्धं वाक्यही निर्णय म्हणून उचलतो. ‘अमुक तारखेला अद्ययावत’ अशी एक ओळ घेऊन उभं असलेलं पान त्याला सांगतं की एवढं आम्ही ठरवलंय. तारखेविना जिवंत असलेल्या मजकुरापेक्षा तारीख असलेला शिळा मजकूर मी पसंत करेन.

खासगीपणाचा मुद्दाही याच ओघात येतो. सामायिक नोटमध्ये फोन नंबर असतात, कोण काय म्हणालं ते नावानिशी असतं, आणि बऱ्याच साधनांत आधीच्या आवृत्त्याही असतात. आज पुसलेला नंबर कालच्या आवृत्तीत शाबूत असतो. ‘लिंक ज्याच्याकडे आहे तोच बघू शकेल’ याला लोक कुलूप समजतात. पण लिंक पुढे सरकते, दुसऱ्या पानावर चिकटवली जाते, मग शोधयंत्रालाही सापडते. पान काढायचं ठरलं की कुणाला तरी मजकूर एकदा वरून खाली वाचावाच लागतो, आणि तो वाचताना असल्या गोष्टी नजरेला पडतात. हा वेळ वाया जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी बाहेरच्यांना लिंक देऊच नये.

‘मग पीडीएफ करून टाका की’ हा हमखास सल्ला. पीडीएफ छापायला उत्तम. मोबाइलवर वाचताना बोटांनी ताणत आणि डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं, कारण ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बसत नाहीत. पुढे बोलायची गरज नाही.

तांत्रिक अडचणीचा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे, आणि त्याला जबाबदार माझ्यासारखेच तंत्रज्ञानात रमणारे लोक आहेत. चार पानांच्या नोट्स लोकांपुढे ठेवायच्या म्हटलं की आम्ही आधी जेकिल घ्यावं की ह्यूगो (ही मजकुरातून अख्खी वेबसाइट बनवणारी साधनं, म्हणजे साइट जनरेटर) यावर वाद घालतो, मग थीम निवडतो, मग त्या थीमचा रंग बदलतो, मग शोधपेटी लावतो, आणि मूळ नोट्स तिथेच राहतात. गिटहबवर फाइल ठेवून पान मिळवण्याची सोय २००८ सालापासून आहे, जेकिलही त्याच वर्षीचं. दोन्ही उत्तम. पण ज्या माणसाने टिपणं काढली त्याला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडायला लावलं की तो पुढच्या वेळी एडिटरचीच लिंक पाठवतो, आणि त्याचं काही चुकत नाही. शंभर पानांच्या दस्तऐवजाला साइट जनरेटर हवाच. एका बैठकीच्या इतिवृत्ताला साधनातलं ‘प्रकाशित करा’ पुरतं. तेही नसेल तर एक एचटीएमएल फाइल पुरते.

आणि साधं म्हणजे ओबडधोबड नव्हे, हेही सांगायला हवं. शैली अजिबात न दिलेलं पान मोठ्या पडद्यावर उघडलं की ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि पुढची ओळ शोधताना नजर हरवते. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या वरच्या पातळीवर ओळीची मर्यादा ८० अक्षरांची आहे आणि ओळींमधलं अंतर दीडपट सांगितलंय. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उठावाचं गुणोत्तर नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ला १ असावं, ही त्याखालची पातळी. देवनागरीत वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे ओळींत दीडपटीहून थोडं जास्तच अंतर बरं दिसतं. तिरकी अक्षरं मराठीत टाळावीत. बहुतेक देवनागरी फॉण्टमध्ये ती मुळात घडवलेलीच नसतात, ब्राउझर उभ्या अक्षरांना ढकलून तिरकं करतो आणि ते तसंच दिसतं. बऱ्याच तयार साच्यांत पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते, ती मराठी करावी, नाहीतर स्क्रीन रीडर चुकीच्या आवाजात वाचू लागतो. बस. हे सगळं एका छोट्या शैलीच्या फाइलमध्ये मावतं आणि एकदाच करावं लागतं.

एक धोका मात्र साधेपणाच्या उत्साहात विसरला जातो. मार्कडाउनमध्ये कच्चं एचटीएमएल लिहायला मुळापासून परवानगी आहे. ज्या नोटमध्ये कुणीही लिहू शकतं तिच्यात कुणी स्क्रिप्टही घुसवू शकतं, आणि आंधळेपणाने रूपांतर केलं तर ती वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. चांगली साधनं असला मजकूर गाळून घेतात. स्वतः रूपांतर करणाऱ्यांनी आपलं साधन गाळतं की नाही हे आधी बघावं. शंका असेल तर नोटमधलं कच्चं एचटीएमएल सरसकट बंद करावं. फारसं काही बिघडत नाही.

राहता राहिला पान ठेवायचं कुठे हा प्रश्न. नोट्सच्या सेवेनेच पान दिलं तर सोय होते, पण पत्ता त्यांचा असतो. जिओसिटीज ही लोकांची वेबपानं ठेवणारी सेवा २००९ साली बंद झाली तेव्हा लाखो पानं एकदम गेली. त्यातली बरीच स्वयंसेवकांनी धावाधाव करून वाचवली म्हणून आज बघायला तरी मिळतात. मार्कडाउनची जमेची बाजू इथे कामाला येते: मूळ फाइल साधा मजकूर असते, ती स्वतःकडे उतरवून ठेवता येते आणि उद्या दुसरीकडून पान काढता येतं. ज्या संस्थेचं स्वतःचं डोमेन आहे तिने तरी पानाचा पत्ता आपल्याच डोमेनवर ठेवावा. मागचं साधन बदललं तरी वाचणाऱ्याकडे असलेली लिंक तीच राहते. ज्या निर्णयाचा हवाला पुढे कुठेही दिला जाणार आहे त्याची लिंक एडिटरची असता कामा नये, असा नियम संस्थांनी करायला हरकत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तर तो करायलाच हवा.

नियम केला तरी गटात हे काम कुणाचं, हे क्वचितच ठरलेलं असतं. लिहायला दहा जण असतात, आणि पान काढणं हे त्या दहांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचं काम वाटतं. इतिवृत्त लिहिणाऱ्याकडेच ते सोपवावं असं माझं मत आहे, कारण मजकुरातला कुठला भाग पक्का आणि कुठला कच्चा हे त्यालाच ठाऊक असतं. नोटच्या पहिल्याच ओळीत त्याचं नाव आणि वाचनाच्या पानाचा पत्ता असावा, म्हणजे चुकून एडिटरमध्ये येऊन पडलेल्या वाचकालाही कुठे जायचं ते कळेल.